पुढच्या सीटवरची शेळी

लासलगावात रेल्वे फाटकाच्या अलीकडे शेखरची कांद्याची शेड आहे. साठवणीच्या चाळीतून निघालेला कांदा तिथे येतो आणि बायका तो निवडतात. मोठा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे, सडका तिसरीकडे. त्याच बायकांच्या घोळक्यात लंकाबाई बसते, पण कांद्याला हात लावत नाही. उलट्या घातलेल्या क्रेटवर उशी, उशीवर ती, नाकावर चष्मा आणि हातात पुस्तक. मजुरी मात्र बाकीच्यांइतकीच घेते. नव्या माणसाला वाटतं, ही मालकाची कोणीतरी मावशी-बिवशी असणार. तसं काही नाही. ती शेडची वाचणारी आहे.

एके काळी तिच्याइतका झपाझप कांदा निवडणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. मग गुडघ्यांनी दगा दिला. खाली बसली की उठता येईना. शेखर भला माणूस, त्याने गोड बोलून तिला घरी बसायला सांगितलं. पण घरी बसून लंकाबाई करणार काय? नवरा गेलेला, लेक सासरी. शेड सुटली तर आपण संपलोच, असं तिला वाटलं आणि ते खरंही होतं. त्या वेळी मैत्रिणींनी तोड काढली. लंकाबाई सातवीपर्यंत शिकलेली, तिने वाचावं आणि आपण ऐकावं. आणि प्रत्येकीने दिवसाकाठी एक पाटी लंकाबाईच्या नावाने भरावी. शेखरला आधी हे पटेना. मग त्याच्या लक्षात आलं की बायका बोलायला लागल्या की हात थांबतात, कारण हातवारे केल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही. ऐकताना मात्र हात आपोआप चालतात. त्याने पुन्हा कधी हरकत घेतली नाही. लंकाबाईच्या नावची पाटी भरायला एखादी विसरली तर तिला कोणी रागावत नाही. फक्त काल गोष्ट कुठे थांबली होती, हे तिला कोणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी पाटी भरलेली असते.

लंकाबाई काय वाटेल ते वाचते, पेपर म्हणू नका, पोथ्या म्हणू नका. पण दर हंगामाची सुरुवात एकाच पुस्तकाने व्हायची, 'चुलत सासऱ्यांची मोटार'. जुनी, गाजलेली विनोदी कादंबरी. लंकाबाईच्या प्रतीचं मुखपृष्ठ कधीच गेलंय, पाठ सुतळीने शिवलीय. एका माणसाला चालवता येत नसताना मोटार घेण्याची हौस येते, मग ती मोटार बैल जुंपून लग्नाच्या वऱ्हाडात नेतात, एवढीच गोष्ट. पण शेड हसून लोटपोट व्हायची. त्यातही शेळीचा प्रसंग आला की कामच थांबायचं. मोटारीत मागे जागा नसते म्हणून एक शेळी शाल पांघरून पुढच्या सीटवर बसवतात, आणि गावोगावचे लोक तिला वरमाय समजून वाकून नमस्कार करतात. शेडमध्ये कोणी उगाच तोरा मिरवायला लागली की बाकीच्या म्हणायच्या, "बाई, शाल पांघर, मंजे नमस्कार करता येईल."

यंदा त्या कादंबरीचा दुसरा भाग निघाला, 'सासऱ्यांची दुसरी मोटार'. लेखकाने म्हातारपणी लिहिलेला. ही बातमी शेडमध्ये आणली हर्षालीने. हर्षाली म्हणजे शेखरची बायको, नाशिकची, वाचनाची भारी आवड असलेली. तिच्या मोबाइलवर पुस्तकं वाचणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्या ग्रुपवर नुसती रणधुमाळी चालली होती. निम्मे म्हणत, लेखकाने स्वतःच्याच पुस्तकाची माती केली. निम्मे म्हणत, दुसऱ्यात समज आहे, पहिला नुसता धांगडधिंगा. हर्षालीने नाशिकला जाऊन नवं पुस्तक आणलं, पेढ्यांसकट लंकाबाईच्या हातात ठेवलं आणि स्वतः गोणीवर बसून मोबाइलवर तेच पुस्तक उघडलं. तुम्ही वाचा मावशी, मी इथे बघत ऐकते, म्हणाली.

बस, तिथेच घात झाला. आपल्या वाचण्यावर कोणाची तरी नजर आहे हे लंकाबाईला पहिल्यांदाच जाणवलं. ती शाळेत उभी केल्यासारखी वाचत गेली. छापलेलं होतं तेवढंच, जसंच्या तसं. बायका हसायला तयार होऊन बसल्या होत्या, पण हसू काही येईना. पुस्तक संपलं तेव्हा सगळ्यांनी लेखकाच्या वयाचा मान राखून मान डोलावली.

मग तुलना सुरू झाली. नवसाबाई ही शेडमधली सगळ्यांत फटकळ. ती म्हणाली, पहिला भाग म्हणजे उन्हाळी कांदा, चाळीत कितीही ठेवा, टिकतो. हा दुसरा दिसायला लालबुंद, पण ठेवायला गेलं की पाणी सुटतं. दुसरीने सांगितलं की यातले सासरे फार शहाणे झालेत, शहाण्या माणसाला हसणार कसं? आणि मग नवसाबाईने मुद्द्याला हात घातला.

"ते समदं जाऊ द्या. शेळी कुठं गेली? येवढी गुणाची शेळी, तिचं नावबी नाय काढलं."

हर्षालीला शेळी आठवेना. पहिला भाग तिने कॉलेजात असताना वाचला होता, आपणच विसरलो असू असं तिला वाटलं. ग्रुपवर विचारते, म्हणाली. लंकाबाईचा चेहरा उतरला. ती घाईने म्हणाली की जाऊ द्या वहिनी, लेखक थकला असेल, विसरला असेल बिचारा. पण हर्षालीची बोटं तोवर चालली होती.

दुसऱ्या दिवशी हर्षाली हसत हसतच शेडमध्ये आली. ग्रुपवर शेळीने धुमाकूळ घातला होता. एका गृहस्थाने ठासून लिहिलं होतं की पहिल्या भागात शेळी नाहीच. दुसऱ्या बाईने वऱ्हाडाच्या प्रकरणाच्या पानांचे फोटो टाकले होते, त्यांत बैल होते, वाजंत्री होते, शेळी नव्हती. तिसऱ्याचं म्हणणं होतं की जुन्या आवृत्तीत असेल, पुढे गाळली असेल. आणि एका ज्येष्ठ वाचकाला तर ती शेळी पुसट आठवतसुद्धा होती. हर्षालीने हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, मग तिची नजर लंकाबाईकडे गेली आणि तिचं हसू जागच्या जागी राहिलं.

लंकाबाईने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा पुसला. शेळी पुस्तकात नव्हती, ती तिने घातली होती. एकटी शेळीच कशाला, नवसाबाईला आवडणारा बहिरा दीरही तिचाच, आणि विहिरीत पडलेल्या मुंडावळ्याही तिच्याच. आता या बायका काय म्हणतील? पाटी भरतात ती वाचण्याची. मनचं सांगण्यासाठी कोण कोणाची पाटी भरतं? तिने सुतळीने शिवलेलं पुस्तक पिशवीत घातलं आणि गुडघ्यावर हात देऊन ती उठायला लागली.

"खाली बस, लंका," फुलाबाई म्हणाली.

फुलाबाई शेडमधली सगळ्यांत मितभाषी बाई. ती मुद्दाम बोलते आहे हे बघून बाकीच्यांनी हातातले कांदे खाली ठेवले.

"त्या शेळीच्या डाव्या कानाला चीर हाय. हाय ना? दर वर्साला तू वाचती, डावा कान चिरेल. मंग ते लेखकाला कुठून कळनार? ती माजी शेळी व्हती. ती मेली त्या दिवशी मी इथं बसून रडत व्हते, आन विचारलं तर मनले, कांदा लागला."

कांदा चिरला तर डोळ्यांत जातो, निवडताना जात नाही. हे शेडमधल्या प्रत्येकीला माहीत आहे. त्या दिवशीही माहीत होतं, म्हणूनच कोणी फुलाबाईला पुढे काही विचारलं नव्हतं. लंकाबाईने फक्त पुस्तक उघडलं होतं आणि वऱ्हाडाच्या प्रकरणात, मोटारीच्या पुढच्या सीटवर, डावा कान चिरलेली शेळी नेऊन बसवली होती. फुलाबाई त्या दिवशी रडता रडता हसली होती.

"मला तवाच कळलं व्हतं," फुलाबाई म्हणाली. "बोलले आस्ते तर तू काढून टाकली आस्ती."

मग नवसाबाईने विचारलं की तो बहिरा दीर म्हणजे माझाच का? लंकाबाईने होकाराची मान हलवली. नवसाबाई इतकी खूश झाली की तिने तिथल्या तिथे लंकाबाईच्या नावची पाटी भरायला घेतली. म्हणजे पुस्तक खराब नव्हतंच, ती इतरांना म्हणाली, वाचणारीने हात आखडता घेतला होता. तो दुसरा भाग आता नीट वाचायला सांगा तिला.

हर्षालीने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि ती गोणी सोडून बायकांच्या रांगेत खाली बसली. एक पाटी तिनेही पुढे ओढली. तिला गोल्टी कोणती हे धड कळत नव्हतं, पण कोणी टोकलं नाही.

लंकाबाईने नवं पुस्तक पहिल्या पानावर उघडलं. घसा साफ केला. सुरुवातीच्या ओळी छापल्याप्रमाणे वाचल्या, कारण लेखकाचाही मान ठेवायला हवा. सासऱ्यांची दुसरी मोटार अंगणात येऊन उभी राहिली, ड्रायव्हरने दार उघडलं. तिथे ती थांबली, चष्म्यावरून एकदा फुलाबाईकडे पाहिलं, आणि पुढे वाचू लागली. पुढच्या सीटवर शाल पांघरून कोणीतरी आधीच बसलं होतं. डाव्या कानाला चीर होती. आणि या वेळी मांडीशी एक करडूही होतं, आईसारखंच तोऱ्यात, छोटी शाल पांघरलेलं.

शेड अशी हसली की शेखर ऑफिसातून बाहेर येऊन बघून गेला. फुलाबाई हसता हसता पदराने डोळे टिपत होती, आणि या वेळी कांद्याचं नाव तिनेही घेतलं नाही.