नावाआधीचं ‘डॉ.’

नगरच्या वाऱ्यात बॅनर फार टिकत नाही. दोरी तुटते, फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातो. किस्से मात्र दुकानातच पडून राहतात. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच बसलंय. इथल्या बसस्थानकाजवळ माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. डिझाईन शकीलभाई करतात, गिऱ्हाईक मी बघतो. पुढाऱ्यांनी काय काय सांगितलं ते लोक विसरतात. आम्हाला विसरता येत नाही, कारण ते आम्हीच छापलेलं असतं.

•

आमच्या भागात एक आप्पा आहेत. पूर्ण नाव सांगत नाही, मला इथंच धंदा करायचाय. त्यांचा कार्यकर्ता संतोष वाढदिवसाच्या बॅनरची ऑर्डर घेऊन आला.

“यंदा आप्पांच्या नावाआधी डॉ. टाका,” तो म्हणाला.

शकीलभाईंनी माऊसवरचा हात काढला. “कधी झाले?”

“परवा. दिल्लीला कार्यक्रम होता. टोपी, गाऊन, सगळं घातलं.”

“कशात झाले?”

संतोषनं बाहेर जाऊन फोन लावला. परत येऊन म्हणाला, “समाजसेवेत.”

मी विचारलं, “विद्यापीठ कोणतं?” त्यानं ॲडव्हान्सचे पैसे टेबलावर ठेवले. मी आपला मुकाट्यानं ऑर्डर लिहायला लागलो.

डिझाईन बघून संतोष म्हणाला, “डॉ. जरा मोठं करा. जागा पुरत नसेल तर नाव बारीक करा.”

•

तोच बॅनर काष्टीलाही लावायचा होता. लावणारी माणसं आली नाहीत म्हणून शकीलभाई आणि मीच टेम्पोतून गेलो. बैलबाजाराचा दिवस होता. आम्ही दोऱ्या बांधत होतो आणि खाली एक बैलांचा व्यापारी मान वर करून वाचत होता.

“डाक्टर कवा झालं हे?” त्यानं विचारलं.

“आम्ही फक्त छापतो, काका,” मी म्हणालो.

“तुमाला न्हाई बोलत. आमी बैल घेताना दात बघतो. ह्यांचं काय बघायचं?” तो पुन्हा वर बघायला लागला. “दात तर दिसत्यात की. झाक हायेत. पन फोटूतले दात बघून काय उपेग?”

शकीलभाई दोरीची गाठ पुन्हा सोडून बांधायला लागले. आप्पांचे पुढचे दोन दात त्यांनीच कॉम्प्युटरवर बसवले होते.

•

निवडणूक जवळ आली तसा विरोधी गटाचा बॅनर आला. त्यांचे पुढारी ‘प्रा.’ लावायचे. ते कोणत्या कॉलेजात शिकवत होते, हे कुणालाच आठवत नव्हतं. बॅनरवर मजकूर होता, ‘डॉक्टरकी खरी असेल तर शनिवारी शिंगणापूरला या, शनिदेवासमोर शपथ घ्या.’ आप्पांनीही उलट बॅनर छापून घेतला. ‘येतो. तुम्हीही प्राध्यापकीची शपथ घ्या.’

दोन्ही बॅनर आमच्याच मशीनवरून निघाले. मला काही बरं वाटेना. शनीचं नाव घालून आपण हे काय छापतोय, असं सारखं वाटत होतं. शनिवारी सकाळीच मी शिंगणापूरला गेलो, तेल वाहिलं आणि बाजूला उभा राहिलो. गर्दी बरीच होती. काही लोक मुद्दाम शपथ बघायलाच आले होते. दुपार कलली तरी ना आप्पा आले, ना प्राध्यापक.

सोमवारी दोन्हीकडून ऑर्डर आली. मजकूर दोघांचाही एकच, ‘आम्ही गेलो, ते आलेच नाहीत.’

शकीलभाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “विजू, खरोखर गेला होतास तू एकटाच,” ते म्हणाले. “तुझाच फोटो टाकू का?”

•

यानंतर दोन माणसं दुकानात आली. कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बसली. मी चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर एकानं सहज विचारलं, “दोन्हीकडचं छापता व्हय तुमी?”

“धंदा आहे, दादा.”

“बरोबर हाय.” तो उठला, आमच्या पाटीचा मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाला, “पोरं कोनत्या शाळेत हायेत तुमची?”

मी शाळेचं नाव सांगितलं नाही. ती माणसं हसून निघून गेली. त्या दिवशी मी शाळा सुटायच्या कितीतरी आधी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो.

बायकोला, संगीताला, घरी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बॅनरखाली आपला नंबर टाकू नका.”

“निवडणुकीत छापणाऱ्याचं नाव-पत्ता टाकावाच लागतो. नंबर काढून काय उपयोग?”

तिनं विचारलं, “लोकांना ते डॉ. आणि प्रा. खरं वाटतं का हो?”

“कुणालाच वाटत नाही.”

“मग एवढे मोठे बॅनर कुणासाठी?”



•

शेवटचा किस्सा दिवाळीनंतरचा. पाथर्डीकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघाल्या होत्या. दुपारी दुकानाच्या नंबरवर फोन आला. बाईचा आवाज होता.

“डाक्टर कवा बसत्यात?”

“कोणते डॉक्टर, ताई?”

“हे फलकावरचे. खाली तुमचा नंबर हाय.”

ती बसस्थानकाबाहेर आप्पांच्या बॅनरखाली उभी होती. मी म्हणालो, “ते तसले डॉक्टर नाहीत.”

“मंग कसले?”

“समाजसेवेचे.”

ती मग म्हणाली, “म्हंजी गुरांचे?”

“नाही हो.”

“गुरांचे आसले तरी चालंल, भाऊ. पोरगी लई तापलीय. डोळं उघडंना.”

शकीलभाईंनी कॉम्प्युटर तसाच सोडला. दुकानाचं शटर ओढून आम्ही पळतच स्थानकावर गेलो. बाई पोरीला पदराखाली घेऊन बसली होती. नवरा टोळीबरोबर पुढं गेला होता, ती मागून निघाली आणि वाटेत पोरीला ताप चढला. आम्ही रिक्षा केली. पोर पुढं बरी झाली, हे आधीच सांगून टाकतो. दोन-तीन दिवस दवाखान्यात राहिली आणि जाताना संगीतानं दिलेली चपाती खात खात गेली.

पण त्या दुपारी आम्ही लहान मुलांच्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा बाई दारातच थांबली. तिनं वरची पाटी बघितली. आत भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये सर्टिफिकेटं लावलेली होती, तीही बघितली. डॉक्टर चांगले होते, तरुण होते. स्वतः उठून बाहेर आले आणि पोरीला घ्यायला त्यांनी हात पुढं केले. बाईनं पोरीला छातीशी आणखी घट्ट धरलं.

“ताई, द्या त्यांच्याकडं,” शकीलभाई म्हणाले.

ती माझ्याकडं वळली आणि डॉक्टरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, “भाऊ, खरं सांगा. ह्यांची पाटी बी तुमीच छापलीय का?”

पाटी आमच्याच दुकानातून गेली होती.