काळ्या डब्याचं झाकण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – आईला नाही, नवऱ्यालाही नाही. ते दिवस आठवले की मला अजून आनंदच होतो. हेच तर अवघड आहे.

सिल्वासाच्या आमच्या कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत आम्ही यीस्टच्या जिवंत पेशी वाढवत होतो. त्यांच्यात लाल चमकणारं एक प्रथिन होतं, आणि त्याला उजेड ओळखणारी शेपटी जोडलेली. निळा उजेड पडला की शेपटी उलगडणार, आणि पेशी स्वतःच ते प्रथिन मोडून टाकणार. अंधारात मात्र ते टिकायला हवं. म्हणून पेशींच्या अर्ध्या बशा काळ्या डब्यात.

पण डब्यातलंही प्रथिन नाहीसं व्हायचं. पुन्हा पुन्हा. सर हैराण. एकदा त्यांनी विचारलं, "डबा उघडतं कोण?"

काचसामान धुणाऱ्या वंदनाताई तिथेच उभ्या होत्या – धुळ्याकडच्या, इथल्या डोकमर्डी भागात राहणाऱ्या. मी म्हणाले – काय म्हणाले मी? "ताई पुसायला येतात ना, सर." एवढंच. याला खोटं म्हणता येईल का?

येईल. डबा मी उघडत होते. रोज, जेवणाच्या सुट्टीत. खोलीत लख्ख उजेड – त्यात निळाही आलाच – झाकण बाजूला, आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. ती लाली पाहिल्याशिवाय राहवायचंच नाही – इतकी सुंदर!

सरांनी ताईंना आत यायला बंदी केली. सहा महिने त्या धुतलेल्या बशा दाराबाहेर ठेवून जात. मी डब्याला पुन्हा हात लावला नाही – आणि प्रयोग जमू लागला. ताईंवरचा ठपका त्यानेच पक्का झाला.

शेवटी तो दिवस आला. निळ्या उजेडातल्या पेशी विझत गेल्या, अंधारातल्या चमकत राहिल्या. सर अक्षरशः नाचले! प्रयोगशाळेतल्या मुलींनी ताईंना हाताला धरून आत आणलं. ताईंनी पाहिलं. "अगं माय! हे तं इझलं!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मॅडम, मी नव्हते हो हात लावत."

मी हसले. सगळेच हसत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खापरावरच्या पुरणपोळ्या आणल्या. पहिली माझ्या हातात ठेवली. मी खाल्ली. मग आणखी एक मागून घेतली.