रुखवतात जाऊन बसलेलं कॉम्प्युटर टेबल

आधी तो कप खाली ठेवा. चहा अंगावर सांडला तर म्हणाल, आप्पानं आधी सांगितलं न्हाय. माझी ही फजिती आमच्या घरात अजून जेवताना निघती, आन् एकाला तरी ठसका लागतोच!

तर झालं असं. आमची सुनबाई अश्विनी पुण्याच्या कंपनीचं काम करती, पण बेंबळीत बसून. पोरगा धाराशिवला नोकरीला, रोज जाऊन-येऊन. सगळं कसं छान चाललेलं. फक्त एकच घोळ होता. घरात बसायला टेबल न्हाय!

पोरगी बसायची कुठं? शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून! मीटिंग चालू असताना पाय चुकून खाली पायट्यावर पडला की खडखड, खडखड मशीन चालू. पुण्याचा साहेब विचारायचा, "मॅडम, तुमच्या घराजवळून रेल्वे जाते का?"

एक दिवस ती पाठ धरूनच उठली. म्हणली, "आप्पा, असं लई दिवस न्हाय जमायचं. बसायची नीट सोय न्हाय झाली तर मला पुण्याला जाऊन ऑफिसात बसावं लागंल."

आमच्या कारभारणीची, मालनची, भाकरी तव्यावरच करपली. पोरगा इथं, सून तिथं, आन् मधी आम्ही दोघं भिंतीकडं बघत बसणार? आवं, ती पोरगी आल्यापासनं आमच्या घरात हसण्याचा आवाज यायला लागला होता.

म्या म्हणलं, "टेबलच पाहिजे ना? झालं म्हणून समज!"

तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. चार पाय आन् वर एक फळी. "असलंच आणा, आप्पा. साधंच. फक्त खाली पाय मोकळे राहिले पाहिजेत. न्हायतर थांबा, रविवारी मीच येते संगं."

"तू काम कर गं. टेबल निवडायला काय अक्कल लागती?"

इथंच माशी शिंकली!

धाराशिवला फर्निचरच्या दुकानात गेलो. ऐन लग्नसराई. दुकान नुसतं पलंग-कपाटांनी भरलेलं. दुकानदारानं फोटोसारखं टेबल दाखवलं, तर मला कसंतरीच वाटलं. इतकं उघडंबोडकं? सुनेसाठी आणायचं, चारचौघांनी बघायचं, आन् नुसती फळी?

शेजारी एक होतं बघा! वर काचेचं कपाट, दोन्ही बाजूला खण, खाली बी खण, सोनेरी मुठी, आन् कडंनं नक्षी. म्या इचारलं, "हे कॉम्प्युटरचंच हाय ना?"

दुकानदार म्हणला, "मालक, ह्याच्यावर काय बी ठेवा!"

घेतलं. आता सांगा, चूक कुणाची? माझीच. पण ही तर नुसती सुरुवात होती.

तेवढ्यात मागनं पाठीवर थाप पडली. बघतो तर बब्रुवान! माझा शाळेपासूनचा दोस्त, बेंबळीच्या पुढच्या गावचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोरीचं लग्न, आन् हा पोरीच्या संसाराचं सामान टेंपोत भरत होता. पलंग, कपाट, आरसा, मिक्सर, सगळं.

"अरे महादेव, टेबलासाठी कशाला येगळा टेंपो करतोस? टाक ह्याच्यातच. तुझ्या गावावरनंच जाणार हाय."

मला तेच पाहिजे होतं. पण मी हुशार ना! म्हणलं, लग्नाच्या सामानात आपलं टेबल मिसळायला नको. दुकानदाराला रंग-ब्रश मागितला आन् टेबलाच्या पुढच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव रंगवून घेतलं, 'श्री. महादेव आप्पा, मु. पो. बेंबळी'. म्हणलं, आता कोण घेतंय बघू!

आवं, आपल्याकडं लग्नाच्या सामानावर नाव कुणाचं असतं? हंड्यावर, कपाटावर, घागरीवर? ज्यानं दिलं त्याचं! हे आख्ख्या जिल्ह्याला म्हायती. मला बी म्हायती. पण त्या घडीला डोकं कुठं चरायला गेलं होतं, देव जाणे.

टेंपोवाला म्हणला, "आप्पा, तुमचं टेबल तळात गेलंय, वर पलंग हाय. आधी तिकडं खाली करतो आन् माघारी येताना तुमचं देतो."

म्हणलं, बरं. बब्रुवान त्याच्या पुढच्या कामाला गेला, आन् मी फटफटी मारत घरी येऊन ऐटीत सांगितलं, "टेबल निघालंय!" सुनबाईनं कोपरा झाडून घेतला. मालननं टेबलासाठी लिंबू-मिरची आणून ठेवली. मी दारात खुर्ची टाकून बसलो. दिवस मावळला तरी टेंपो न्हाय. फोन लावला तर टेंपोवाला निवांत, "आप्पा, आहेर हाय हे मला बी सांगितलं न्हाय! पट्टीवरचं नाव वाचून तिथं सगळ्यांना कळलं. नीट पोचला बरं का! लोकांनी लई कौतुक केलं!"

आहेर? आवं, माझं टेबल आहेरात गेलं! बब्रुवानला फोन लावला, पण लग्नाघरी कोण फोन उचलतंय?

दुसऱ्या दिवशी मालनला घेऊन लग्नाला गेलो. जाताना सुनबाईला म्हणलं, "काय काळजी करू नको. जेवण व्हायच्या आत टेबल घेऊनच येतो."

मांडवात शिरलो आन् बघतो तर काय! रुखवताच्या मधोमध माझं टेबल! हळदी-कुंकवाची बोटं ओढलेली, वर झेंडूचा हार, काचेच्या कपाटात लाडू, खणात करंज्या, आन् पुढच्या पट्टीवर माझं नाव झळकतंय. बाया एकमेकींना वाचून दाखवत होत्या!

मालन माझ्या कानाशी आली. "आवं, हे आपलं टेबल हाय ना?"

"व्हय."

"मग लाडू कुणाचे?"

"तू गप की जरा!"

म्हणलं, बब्रुवानला बाजूला घेऊन हळूच सांगू. जवळ गेलो, तोंड उघडलं, आन् त्यानं मला मिठीच मारली. डोळ्यात पाणी! "महादेवा, सख्ख्या भावानं केलं नसतं रे एवढं. आन् काल दुकानात मला कळू बी दिलं न्हाईस!"

तेवढ्यात माईकवाल्यानं सुरू केलं, "बेंबळीचे महादेव आप्पा यांच्याकडून वधूला भव्य कॉम्प्युटर टेबल! आप्पांनी स्टेजवर यावं ही विनंती!" टाळ्या! मला वर ओढलं, फेटा बांधला, गळ्यात हार घातला, फोटो काढला. माझं तोंड त्या फोटोत बघा, दवाखान्यात सुई टोचताना काढल्यासारखं आलंय.

तरी बी मी हार मानली न्हाय. ठरवलं, नवरीच्या सासऱ्याला खरं सांगायचं. माणूस समजूतदार दिसत होता. मी पुढं झालो, तर नवरी वाकून माझ्या पाया पडली आन् हळूच म्हणली, "काका, मला लग्नानंतर घरून काम करायचं होतं. सासरचे हो-नाही करत होते. पण काल हळदीला आले, तेव्हा तुमचं टेबल बघितलं आन् मामंजी म्हणाले, एवढं टेबल आलंय तर करू दे की काम! तुमचे उपकार कसे फेडू?"

सांगा आता! त्या पोरीच्या तोंडाकडं बघून कोण म्हणंल, 'बाई गं, टेबल माघारी दे'? माझी सून डोळ्यापुढं आली. तिला टेबल न्हाय मिळालं तर आमचं घर मोडतंय, आन् हिला मिळालं तर हिचं उभं राहतंय. नवरीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणलं, "उपकार कसले गं! खूप काम कर, मोठी हो."

घरी येताना मालन वाटभर बोलली. काय बोलली ते सांगत न्हाय, तुमी बी बायकापोरांवाले हाव.

दारात सुनबाई उभी. टेंपो न्हाय, टेबल न्हाय, सासऱ्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा! सगळं खरंखरं सांगून टाकलं. पोरगी जी हसत सुटली, खालीच बसली. म्हणली, "आप्पा, टेबलाचा फोटो तरी दाखवा."

दाखवला. तिनं मोठा करून बघितला आन् इचारलं, "ह्याला खाली सगळे खणच दिसतेत. मग पाय कुठं ठिवायचे?"

पायाचं माझ्या ध्यानातच न्हवतं! मला काळजीच लागली. दोन दिवसांनी त्या नवरीला फोन लावला तवा कळलं, नवऱ्यानं खालचा खण काढून टाकलाय, आता पाय मावतेत. पोरगा गुणाचा निघाला म्हणायचा.

पुढच्या रविवारी सुनबाई स्वतः दुकानात आली. खुर्चीवर बसून बघितलं, कोपर टेकवून बघितलं, पाय ताणून बघितले. तिचं साधं टेबल तिनं निवडलं, टेंपो बी तिनंच ठरवला. माझं काम काय? हेल्मेट धरून उभं राहायचं. आणि तुमाला सांगतो, त्या टेबलावर बसून तिनं साहेबाला स्वच्छ सांगितलं, "माझी इथं सोय झाली, मी पुण्याला येत नाही." त्या दिवशी मालननं शेंगापोळ्या केल्या आन् मला बी दोन जास्त वाढल्या. म्हणजे माफी मिळाली!

म्हणलं, संपलं एकदाचं. कुठलं संपतंय!

परवा सकाळी एक अनोळखी पाहुणा लग्नाची पत्रिका घेऊन दारात. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, आन् मग जरा पुढं सरकून म्हणला, "आप्पा, आमची पोरगी बी कॉम्प्युटरवालीच हाय. तुमचं लई नाव ऐकलंय. पण एक इचारू का? राग मानू नका. बब्रुवानच्या पोरीला तुमी नुसतं टेबलच दिलं म्हणं. आमच्या पोरीला संगं खुर्ची बी देता ना?"

आतनं सुनबाईच्या हसण्याचा आवाज आला. मालन दारातनं डोळे वटारून बघत होती. मी खाकरलो, छाती भरून श्वास घेतला, म्हणलं, आता मात्र खरं काय ते सांगायचंच. आन् माझ्या तोंडातनं काय निघावं?

"रंग कुठला पाहिजे?"