दोन शिटांसाठी थांबलेली गाडी

माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलानं मला नातीच्या खोलीत झोपवलं, कारण संडास त्या खोलीला लागून आहे. दीड महिना मी त्या खाटेवर होते. बघायला दोनच गोष्टी होत्या, समोरची भिंत आणि नातीचा कॉम्प्युटर. भिंत दोन दिवसांत बघून संपली.

नात इंजिनिअर झालेली आहे. नोकरीचे अर्ज करायची आणि उत्तर येईपर्यंत खेळायची. उत्तरं लवकर येत नव्हती. पडद्यावर सगळा काळोख, त्यात चांदण्या, मधूनच एखादा सूर्य. मला वाटलं शिकण्यातलंच काही असेल. विचारलं तर म्हणाली, "आज्जी, हे माझं यान आहे. ह्या ताऱ्यावरची माणसं त्या ताऱ्यावर नेऊन सोडायची. भाड्यानं."

"म्हंजे काळी-पिवळी," मी म्हणाले.

ती हसली. मी काही विनोद केला नव्हता. आमची काळी-पिवळी जीप होती, आणि मला तरी दोन्ही धंद्यांत फरक दिसेना.

आमची जीप उमरग्याला जायची. नळदुर्ग सोडल्यावर हायवेवर आमच्या गावाचा फाटा लागतो, तिथून ती सुटायची. नवरा चालवायचा. फाट्यावर माझं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बांबू, वर पत्रा आणि एक रुपया टाकायचा लाल फोन. गाडी कधी सुटायची ते मी ठरवायचे. नवरा भिडस्त होता. कुणी 'निघा की' म्हटलं की लगेच चावी फिरवायचा, अर्धी गाडी रिकामी असली तरी. म्हणून मी त्याला सांगून ठेवलं होतं, मी बोनेटवर थाप मारल्याशिवाय गाडी हलवायची नाही. कागदावर नऊ माणसं होती, आम्ही चौदा बसवायचो. बसणाऱ्याला माणूस कुणी म्हणायचं नाही, शीट म्हणायचे. चौदा शिटा झाल्या की थाप. तेरा असल्या तर थांबायचं. उन्हात बसलेली माणसं कुरकुरायची, पण उतरून जाणार कुठं. एस.टी. दोन तासांनी.

नातीच्या धंद्यात चौदा बसवायची सोय नव्हती. यानात सहा खोल्या, एका खोलीत एक शीट. पायरीवर लटकायचं नाही, टपावर बसायचं नाही. एका पडद्यावर गिऱ्हाइकांचे चेहरे यायचे, प्रत्येकाखाली कुठं जायचं आणि किती वेळात पोहोचवायचं ते लिहिलेलं. सगळं इंग्रजीत. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी, त्यामुळे नात वाचून दाखवायची. काही दिवसांनी ती मला विचारूनच माणसं घ्यायला लागली. मी चेहरा बघून सांगायचे. हा नको, ह्याच्या तोंडावरच भांडण दिसतंय. ती बाई घे, गप बसेल. एकदा मी नको म्हटलेला माणूस तिनं घेतला आणि निघाला पोलिसांना हवा असलेला. मधेच पोलिसांनी यान अडवलं. तेव्हापासून ती माझं ऐकायची.

मला ते काम आवडायला लागलं होतं. एक बाई शनीसारखं कडं असलेला ग्रह बघायला निघाली होती. तिला लांबून ग्रह दाखवला आणि आणून सोडली, तेवढ्यावर खूश. तेल संपत आलं की सूर्याच्या कडेनं जाऊन भरून घ्यायचं, पण फार जवळ गेलं की गाडी तापते. हे मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. उतरायचं ठिकाण म्हणजे गोल फिरणारा एक मोठा डबा. आधी परवानगी मागायची, मग त्याच्या फटीतून आत शिरायचं. नात पहिल्यांदा शिरताना दरवाजाला घासली होती म्हणे. मी म्हणाले, तुझ्या आज्ज्यानं कधी घासली नाही.

मग एका दुपारी असं झालं. सहापैकी चार खोल्या भरल्या होत्या. नात निघायला लागली. मी म्हणाले, थांब, दोन भरू दे.

"आज्जी, जे बसलेत त्यांचा वेळ चालू झालाय."

"बसलेलं शीट कुठं जातंय?"

"हा तुझा फाटा न्हाय," ती म्हणाली. पण माझं ऐकायची सवय झाली होती तिला, थांबली. ती उठून चहा करून आली. आम्ही चहा प्यायलो. नवीन चेहरे आले, त्यातले दोन मी निवडले, मग यान सुटलं. अर्ध्या वाटेत पडद्यावर अक्षरं आली. आधी घेतलेल्या चौघांत एक म्हातारा होता, पांढऱ्या भुवयांचा. ती अक्षरं त्याची होती. मी विचारलं, काय म्हणतोय.

"म्हणतोय, मला वेळेवर पोहोचायचं होतं. तुम्ही थांबवून ठेवलंत. आता जाऊन उपयोग नाही, मला इथंच उतरवा."

"कुठं चालला होता?"

"गावाचं नाव आहे. कशाला ते लिहिलेलं नसतं. जाऊ दे आज्जी, खरा थोडाच आहे तो."

पुढच्या ठिकाणी तो उतरला. बाकीच्या पाच जणांना घेऊन ती पुढं गेली. मी भिंतीकडं तोंड करून पडले. कशाला चालला होता ते लिहिलेलं नव्हतं, पण एका माणसाचं मला ठाऊक होतं.

आमच्या अंगणाच्या पलीकडच्या दोन खोल्यांत माझी धाकटी जाऊ राहते. अंगण एक, नळ एक. वीस वर्षांच्या वर झालं, ती माझ्याशी बोललेली नाही. शिवीगाळ नाही, वाटणीची भांडणं नाहीत. माझा नवरा गेला तेव्हा ती आली, चूल पेटवली, दहा दिवस सगळ्यांच्या भाकरी केल्या आणि गेली. बोलली नाही. तिचा नवरा गेला तेव्हा मी तसंच केलं. मी समोर उभी असले तरी ती नातीला सांगते, "तुझ्या आज्जीला म्हण, पाणी आलंय." नात लहानपणापासून हे बघत आली. तिला वाटायचं आमचं आधीपासूनच असं असेल.

जावेचं माहेर उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ आहे. एका सकाळी हॉटेलातल्या लाल फोनवर तिच्या भावाचा फोन आला. आई पहाटे गेली होती. तो म्हणाला, "तिला सांगू नका, वाटेत हाय खाईल. जास्त हाय एवढंच म्हणा अन् गाडीत बसवून द्या. तिला तोंड बघू दे, तवर आम्ही माती थांबवतो." आमच्याकडं असंच करतात. लेकीला मरणाची बातमी वाटेत देत नाहीत. घरी पोहोचली की अंगणातली माणसं बघून तिला आपोआप कळतं.

मी घरी निरोप धाडला. दीर सोलापूरला गेला होता. जाऊ होती तशी आली, हाताला पीठ लागलेलं. मी तिला मधल्या सीटवर बसवलं आणि म्हणाले, आईला जास्त हाय, जाऊन ये. तेव्हा गाडीत ती धरून बारा शिटा होत्या.

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. फोनवर काय बोलणं झालं ते मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो तशीच गाडी घेऊन निघाला असता, तिला एकटीला घेऊनसुद्धा. म्हणूनच सांगितलं नाही. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते आज लिहिते. मेलेल्या माणसाला कसली घाई. लेकीशिवाय माती करणार नाहीत. दोन शिटा भरतील तेवढ्यात.

तो बाजाराचा दिवस नव्हता. शिटा भरायला तास गेला. मग मी थाप मारली.

जाऊ माहेरी पोहोचली तेव्हा माणसं नदीवरून अंघोळी करून परत येत होती. ओली धोतरं तिनं वेशीतच बघितली. ऊन वाढत होतं, भाऊकी म्हणाली किती वाट बघायची, आणि उचललं. भावानं थांबवायचं बघितलं, त्याचं कुणी ऐकलं नाही. अर्ध्या तासानं चुकलं. राख सावडायच्या दिवशी भाऊ तिला म्हणाला, मी तर तुझ्या जावेला फोनवर सगळं सांगितलं होतं, मग उशीर कसा झाला. तेरावं करून ती परत आली ती माझ्यापुरती मुकी होऊनच.

मी इतकी वर्षं भाऊकीला दोष देत आले. त्यांनी अर्धा तास कळ काढायची होती. हे मी स्वतःलाच इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते खरं वाटायला लागलं होतं. तो पांढऱ्या भुवयांचा म्हातारा उतरून गेला तेव्हा भाऊकी कुठं आठवेना. चहाचा कप हातात घेऊन 'थांब' म्हणणारी मीच होते, दोन्ही वेळा.

दुसऱ्या दिवशी मी नातीला हे सगळं सांगितलं. तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि ऐकलं. मग विचारलं, "हे तू धाकल्या आज्जीला कधी सांगितलंस का?"

"तिला ठाऊक हाय की."

"तुझ्या तोंडून?"

मला आता फार काही नको आहे. मरायच्या आधी जावेनं एकदा माझ्याशी सरळ बोलावं, एवढंच. शिव्या दिल्या तरी चालतील. आम्ही दोघीही सत्तरीच्या पुढं आहोत. थांबायला आता कुणाकडं वेळ आहे.

वॉकर घेऊन मी अंगण ओलांडलं. वीस पावलं आहेत, त्याला पाव तास लागला. नात मागून येत होती, तिला म्हटलं तू इथंच राहा. जाऊ उंबऱ्यात बसून मिरच्यांची देठं खुडत होती. तिनं वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच बोलले.

"तुझी आई गेलेली मला ठाऊक होतं. तरी दोन शिटांसाठी गाडी थांबवली. चुकलं माझं."

ती देठं खुडत राहिली. मला वाटलं हेही असंच जाणार. मी वॉकर वळवायला लागले.

"दोन न्हाय, तीन," ती म्हणाली.

वीस वर्षांनी माझ्याशी बोललेला तो आवाज म्हातारा झाला होता.

"पैल्यांदा एक बाई आली, दळणाचा डबा घेऊन. मग एक म्हातारा अन् त्याचा जावई. तुमी म्हाताऱ्याला मागं बसा म्हणलाव, तर तो म्हणला मागं धूळ लागती. मग जावयाला मागं पाठवलं अन् म्हाताऱ्याला माझ्या शेजारी दाबून बसवलं. त्याच्या धोतराला बिडीचा वास येत होता. त्या दिवशी पंधरा घेतलाव तुमी."

मला त्यातलं एकही माणूस आठवेना. बाई नाही, डबा नाही, म्हातारा नाही. ज्यांच्यासाठी थांबले ती तोंडं मला ओळखताही आली नसती.

"मग बोलली का न्हाईस?" मी म्हणाले. "उतरून म्हणायचं होतंस, आक्का, निघा. मला न्हाय तर तुझ्या भावजींना म्हणायचं. त्यांनी ऐकलं असतं."

तिनं हातातली मिरची सुपात टाकली.

"कशाला म्हणू? जास्त हाय म्हणून तुमी सांगितलं तवा हाताचं पीठ पुसायचं बी मला सुचलं न्हाय. मग बघितलं तर तुमी थांबलाव. निवांत चहा गाळत होत्याव. म्या म्हणलं, लईच जास्त असतं तर आक्का थांबल्या नसत्या. आक्कांना फोन आलाय, आक्कांना ठाऊक असंल. तेवढ्यावर माझं मन जाग्यावर आलं. उमरग्यात उतरले तर पळाले बी न्हाय. आईसाठी केळी घ्यायला थांबले."

एवढं बोलून ती पुन्हा देठं खुडायला लागली. मी उभी होते. ती माझ्यावर इतकी वर्षं एका तासासाठी रागावली आहे असं मी धरून चालले होते. केळ्यांचं मला ठाऊक नव्हतं.

"जावा आता," ती सुपाकडं बघत म्हणाली. "पाय सुजंल."

मी परत आले. यायलाही पाव तासच लागला.

नात अजून खेळते, मीही शेजारी बसते. आता दोन खोल्या रिकाम्या असल्या तरी मी तिला निघ म्हणते. ती म्हणते, आज्जी, अशानं धंदा बुडेल. मी म्हणते, बुडू दे.

जावेकडं जाऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात नळापाशी बसले होते, नव्या गुडघ्याचा व्यायाम करत. जाऊ घागर भरून उठली. माझ्यापासून दोन हातांवर होती. तिनं माझ्या अंगावरून दाराकडं बघितलं, तिथं नात दात घासत उभी होती.

"तुझ्या आज्जीला म्हण, पाणी आलंय," ती म्हणाली.

नातीनं माझ्याकडं बघितलं. मी बादली नळाखाली सरकवली.