क्लच नसलेल्या गाडीत माझा डावा पाय

चौऱ्याण्णव साली, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वानऊ वाजता माझी आत्या कुंदा हिच्यावर अन्याय झाला. ठिकाण: डोंबिवली-कल्याण रस्ता आणि त्याच्या पुढचं ड्रायव्हिंग टेस्टचं मैदान. अन्याय करणाऱ्याचं नाव मी आजवर वीस-पंचवीस पत्रकांत छापलेलं आहे. फक्त दर वेळी ते सगळ्यात खाली असतं, ‘आपला नम्र’ या शब्दांनंतर.

आधी आत्याविषयी, कारण पत्रक काढायच्या घाईत तिच्याविषयी कुणीच काही सांगितलं नव्हतं (म्हणजे मीच). लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिच्या डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत एकोणीस वर्षं ती ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळते. केसासारखी बारीक तार तिच्या बोटांखालून धावत असते आणि तुटायच्या आधीच तिला कळतं की आता ही तुटणार. कसं कळतं विचारलं तर म्हणते, “मशीनचा आवाज बदलतो ना.” आम्हाला कुणालाही तो आवाज बदललेला ऐकू येत नाही.

त्या दिवाळीच्या आधी कंपनीने पत्र दिलं: एक डिसेंबरपासून तुमचं खातं शीळफाट्याच्या नव्या शेडमध्ये. येणं जमत नसेल तर राजीनामा द्यावा. आता शीळफाट्याला जायचं तर बस, आणि बसची पायरी धडधाकट माणसाच्या गुडघ्यापर्यंत. आत्याने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा लोकांनी तिला पोतं चढवतात तसं चढवलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मला कुणी उचलायचं नाही.” विषय संपला. बस संपली.

इथे दामूशेठ आले. दामूशेठ म्हणजे आमच्या बिल्डिंगमागच्या गावठाणातले मूळचे शेतकरी. शेतांच्या जागी बिल्डिंगा उभ्या राहिल्यावर हौस म्हणून त्यांनी मुंबईतल्या एका परदेशी वकिलातीच्या लिलावात जपानी गाडी घेतलेली. ऑटोमॅटिक. क्लच नाही. तीन आठवडे चालवून त्यांनी ती अंगणात ताडपत्रीखाली ठेवून दिली. कारण विचारलं तर सांगायचे, “पायाला काम नाय, हाताला काम नाय. मंग मी आत बसून करू काय, भजन?”

आत्याला बसस्टॉपवरून परत येताना बघून त्यांनी ताडपत्री काढली.

“बाय, हिला खाली पेडल दोनच हायत बघ. एक पलवाला, एक थांबवाला. दोनी उजव्या पायाची कामां. डाव्याला सुट्टी. तूच चालव.”

महिनाभर रोज सकाळी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर आत्या गाडी चालवायची आणि शेजारी दामूशेठ बसायचे. “मला लायसन हाय, तिला अक्कल हाय,” असा त्यांचा हिशेब. आत्याने गाडीबरोबर आलेलं पुस्तक डिक्शनरी घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. गिअरच्या दांड्यावर ओळीने पी, आर, एन, डी, दोन आणि एल अशी अक्षरं, शिवाय ‘पॉवर’ असं लिहिलेलं एक बटण. कुठलं केव्हा वापरायचं हे तिला पाठ झालं.

मला हे सगळं उशिरा कळलं, कारण मी तेव्हा समाजकार्यात होतो. आमच्या वॉर्डाच्या नागरिक समितीचा मी चिटणीस (एकूण सदस्य चार). बंद पथदिव्यांवर मी काढलेलं पत्रक इतकं जहाल होतं की दिवे लागल्यानंतरही आठवडाभर मी ते दिव्यांच्या उजेडात वाटत होतो. आत्याची टेस्ट सोमवारी आहे हे ऐकताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अपंग बाई, बिनगिअरची गाडी, आणि समोर सरकारी साहेब! नाकारणार म्हणजे नाकारणारच.

शनिवारी मी पत्रक छापून आणलं. ‘जाहीर निषेध! आज सोमवारी एका कष्टकरी भगिनीला लायसन्स नाकारणाऱ्या मुजोर अधिकाऱ्यास आम्ही विचारतो...’ पुढे अकरा प्रश्न.

आत्याने ते चष्मा लावून वाचलं. “अरे, पण नाकारलं कुठे अजून?”

“नाकारतील ना.”

“मग नाकारल्यावर छाप.”

“आत्या, सोमवारी प्रेस बंद असतो.”

तिने पत्रकाची घडी करून खिडकीच्या फटीत खोचली. फट वाजत होती, ती बंद झाली. माझ्या लिखाणाचा त्या आठवड्यातला तो एकमेव ठोस उपयोग.

सोमवारी सकाळी ती स्टिअरिंगकडे निघाली तेव्हा मी आडवा आलो. म्हटलं, मैदानापर्यंत मी चालवतो, तू टेस्टसाठी ताकद राख. माझ्याकडे लायसन्स होतं. मित्राच्या टेम्पोवर शिकलेलो. (टेम्पोचा क्लच असा होता की दाबायला पाय नाही, अख्खा माणूस लागायचा.)

“सुहास, चालव, पण डावा पाय सीटखाली घे.”

“आत्या, मला गाडी येते.”

“गाडी येते रे. ही येते का?”

मी हसलो. आत्या माझ्या शेजारी बसली, मागे दामूशेठ, डॅशबोर्डवर पत्रकांचा गठ्ठा. निघालो.

आता माझी विचारसरणी लक्षात घ्या. गाडी पहिल्या गिअरने सुरू होते, मग दुसरा, मग तिसरा. ही शिस्त आहे. दांड्यावर सगळ्यात खाली एल, त्यावर दोन, त्यावर डी. म्हणजे एल हा पहिला, हे उघड आहे. एलमध्ये निघालो. इंजिन ओरडायला लागलं. बरोबर, आता दुसरा टाकायचा. दुसरा टाकायला क्लच दाबायचा. माझा डावा पाय टेम्पोच्या सवयीने वर उठला आणि सगळ्या ताकदीनिशी खाली आला.

तिथे क्लच नव्हता. तिथे ब्रेक होता, हातभर रुंद.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. आम्ही राहिलो नाही. दामूशेठचं कपाळ माझ्या सीटवर आदळलं, पत्रकांचा गठ्ठा काचेवर चढून परत आत्याच्या मांडीवर आला.

दामूशेठ म्हणाले, “काय आडवा आला?”

“काही नाही. गिअर बदलला.”

“मंग दर गिअरला नमस्कार घालाचा काय रं?”

घातला. डीला परत घातला. पुढे म्हैस आली म्हणून एलपर्यंत खाली यावं लागलं तेव्हा दोन घातले. मागच्या रिक्षावाल्याने बाजूला येऊन विचारलं, “भाऊ, शिकताय का शिकवताय?” आत्याने शांतपणे पत्रकांचा गठ्ठा पाठ आणि सीट यांच्यामध्ये उशीसारखा लावला.

पत्रीपुलाच्या चढावर मात्र मला वाटलं की गाडीत जोर नाही. जोर नाही आणि समोर ‘पॉवर’ लिहिलेलं बटण आहे. दाबलं. आत्या म्हणाली, “ते ओव्हरटेक करताना. आता बंद कर.” मी म्हटलं, करतो. नाही केलं. कारण तेवढ्यात गाडीत असा काही उत्साह आला की मला माझ्या लिखाणाची आठवण झाली.

मैदानाच्या फाटकावर समितीचे उरलेले तीन सदस्य आधीच पोहोचलेले आणि त्यांच्याकडचा पत्रकांचा गठ्ठा वाटून संपवलेला! मला बघून त्यांनी घोषणा सुरू केली. मी ठरवलं की आत शिरताना गाडी जरा ऐटीत संथ न्यावी. संथ म्हणजे खालचा गिअर. खालचा गिअर म्हणजे क्लच. नमस्कार झाला. त्या धक्क्याने घाबरून मी डावा पाय काढला, उजवा दाबला आणि पॉवर चालूच होती. आम्ही चुन्याच्या रेषेवर मांडलेले तीन रिकामे ड्रम घेऊन सरळ साहेबांच्या टेबलापर्यंत गेलो. तिथे मला चुकून डावा पाय परत आठवला, म्हणून टेबल वाचलं. चहाचा ग्लास वाचला नाही.

साहेब उठले. हातात ओला झालेला कागद होता. माझा.

“मी आज बाईंना लायसन्स नाकारलंय असं इथे छापलंय,” ते म्हणाले. “मी आत्ताच आलो. खुर्ची पुसत होतो.”

मी गाडीतून उतरलो आणि म्हणालो, “आम्ही विचारतो—”

“तुम्ही थांबा. ही गाडी बिघडलेली आहे. असल्या गाडीत मी कुणाची टेस्ट घेत नाही. आता मात्र खरंच नाकारतो. पुढची तारीख दीड महिन्यांनी.”

दीड महिना म्हणजे एक डिसेंबरच्या पार पलीकडे. म्हणजे आत्याची एकोणीस वर्षांची नोकरी गेली. आणि माझ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच पत्रकातला शब्द न् शब्द खरा ठरला.

समितीला तर ऊत आला. “मुजोर अधिकाऱ्याचा...” असं सुरू झालंच होतं, एवढ्यात गाडीचं दुसरं दार उघडलं. कॅलिपरचा खटका वाजला. आत्या उतरली, गाडीला वळसा घालून माझ्या समोर आली.

“घोषणा बंद कर.”

“आत्या, हा तुझ्यावर अन्याय—”

“हो. करणाऱ्याला मी लहानपणापासून ओळखते. बंद कर.”

बंद झाली. मग ती साहेबांकडे वळली. “साहेब, गाडी चांगली आहे. माझ्या भाच्याचा पाय बिघडलाय. पाच मिनिटं द्या.”

“बाई, या गाडीत गिअर टाकायचे नाहीत, क्लच नाही. मी परीक्षा घेऊ कशाची?”

“शेजारी बसा. कानांनी घ्या.”

साहेबांना एवढ्या वर्षांत असं कुणी सांगितलं नसावं. ते बसले. मागे दामूशेठ, त्यांच्या बाजूला मी, हात मांडीवर, दोन्ही पाय सीटखाली.

पहिल्यांदा तिने पॉवरचं बटण बंद केलं. दांडा डीवर आणला आणि गाडी अशी निघाली की दामूशेठनी नमस्काराच्या तयारीत धरलेला हात परत मांडीवर ठेवला.

“आता ऐका,” आत्या म्हणाली. “हा बदलला... हा परत बदलला.”

“तुम्ही तर काहीच केलं नाहीत.”

“पाय हलका केला. पाय हलका झाला की ती वरचा गिअर घेते. दाबला की खालचा घेते. तिला सांगायचं, हिसकायचं नाही.”

मैदानाच्या टोकाला ट्रकच्या टेस्टसाठी मातीचा उंच चढ केलेला. तिने दांडा दोनवर घेतला, अर्ध्या चढावर थांबली, साहेबांकडे बघून परत निघाली. गाडी बोटभरही मागे आली नाही. उतारावर तिने ब्रेकवरून पाय चक्क काढून घेतला. साहेबांनी दाराची मूठ धरली. इंजिन घुमलं आणि गाडी हत्तीसारखी एकेक पाऊल टाकत खाली आली.

“उतारावर डीमध्ये सोडली की ब्रेक तापतो,” ती म्हणाली. “दोनमध्ये इंजिनच धरून ठेवतं. फारच खडा उतार असला तर एल. नाहीतर एलचं रोज काय काम?”

मी खिडकीबाहेर बघितलं.

मी पाडलेले ड्रम कुणीतरी उभे केले होते. तिने त्यांच्यामधून आठाचा आकडा काढला, मग तोच उलटा, रिव्हर्समध्ये. एकाही ड्रमला धक्का लागला नाही. टेबलासमोर गाडी थांबली तेव्हा ती थांबली हे कळायला आम्हाला एक क्षण लागला. मी त्या वेळेपर्यंत आत्यासाठी लढत होतो. तिच्याकडे नीट बघितलेलं त्या दिवशी पहिल्यांदा. मशीनचा आवाज ऐकताना तिची मान जराशी डावीकडे कलते.

साहेबांनी टोपी सारखी केली. “मी जरा बघू का चालवून?”

ते स्टिअरिंगवर बसले. दांडा डीवर आणला, गाडी सुरेख निघाली, पाच पावलं गेली, आणि वळणावर त्यांचा डावा पाय उठला. टोपी काचेवर जाऊन बसली.

“नमस्कार,” दामूशेठ म्हणाले.

साहेबांनी परत प्रयत्न केला. परत टोपी. तिसऱ्या वेळी त्यांनी टोपी आधीच काढून आत्याकडे दिली. मग उतरले आणि टेबलाशी जाऊन फॉर्म पुढे ओढला.

“इतकी वर्षं मी लोकांचे क्लच बघतोय,” ते लिहिता लिहिता मला म्हणाले. “डाव्या पायाचा आजार तुम्हाला आहे. मलाही आहे. बाईंना नाही.”

पास. शिक्का. सही. फॉर्म आत्याच्या हातात देताना ते उभे राहिले. मग मैदानभर पसरलेल्या माझ्या अकरा प्रश्नांकडे बोट दाखवून म्हणाले, “आणि हे तेवढं उचला.” चार सदस्यांनी मिळून उचललं. समितीचं ते पहिलं स्वच्छता अभियान.

एक डिसेंबरला आत्या स्वतः गाडी चालवत शीळफाट्याच्या शेडमध्ये हजर झाली. कुणी उचललं नाही. आता जाताना ती तिच्या खात्यातल्या दोघी बायकांना घेऊन जाते. कधी कधी मीही जातो. पुढची सीट मला मिळत नाही, मी मागितलेलीही नाही. हा मजकूर मी तिथूनच, मागे बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिला आहे. अक्षर वाचता येतं आहे ते तिच्यामुळे. गाडी मी चालवत असतो तर नसतं आलं.

माझी मागणी एकच आहे आणि ती सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुमच्या घरातली कुणी बाई गाडी शिकत असेल आणि तुम्ही तिच्या जागेवर बसून तिला ताकद राखायला सांगत असाल, तर खाली उतरा. विचार करून नको, आत्ता उतरा. किल्ली तिच्या हातात द्या आणि तोंड बंद करून मागे या. मागे जागा आहे. मी सरकून बसतो.