निखाऱ्यापुढची प्रार्थना

गिदोन मास्तरांच्या प्रार्थनेचा धसका घेतला नाही असा ख्रिस्ती माणूस नेवासे तालुक्यात शोधून सापडला नसता. मास्तर मिशनच्या शाळेत शिकवत, रविवारी उपदेश करत. माणूस म्हणाल तर गाईहून गरीब. पण जेवणाआधी एकदा डोळे मिटले, की पाऊसपाण्यापासून सुरुवात करून गावातल्या झाडून साऱ्या आजाऱ्यांची नावं घेतल्याशिवाय गडी थांबत नसे. शेजाऱ्याच्या आटलेल्या म्हशीसाठीसुद्धा त्यांनी एकदा देवाला साकडं घातलं होतं. इकडे ताटातलं कालवण गार होई. मग त्यांची बायको दीनाबाई मध्येच खणखणीत "आमेन" म्हणे आणि मंडळी घाईघाईने भाकरी मोडत. मास्तर रागावत नसत. थांबवणारं माणूस शेजारी बसलंय, या भरवशावरच तर ते इतके लांब जात.

नाताळाच्या तोंडावर दीनाबाई तापाने गेल्या. तेव्हापासून मास्तर मिशनच्या देवळात पुस्तकातली प्रार्थना वाचत, पण घरी मुकाट्याने जेवत. एकदा सुरू केलं तर आपल्याला थांबवणार कोण, या विचारानेच ते ताटापुढे डोळे मिटायचं टाळत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात नगरला ख्रिस्ती मंडळीची सभा भरे. योसेफ सुताराच्या बैलगाडीत योसेफ, दवाखान्यातला कृपादान, मास्तर आणि दीनाबाई असे चौघं दरसाल जात. यंदा तिघं निघाले. जर्मन-जपानशी लढाई संपली होती, तरी रस्त्यावर लष्करी लॉऱ्या धुरळा उडवत होत्याच. इमामपूरच्या घाटाआधी राहीबाई खाटकिणीचं छप्पर होतं, तिथे त्यांची गाडी दरसाल थांबे. पुढ्यात चर खणून तिने बाभळीचे निखारे पसरलेले, त्यावर लोखंडी शिगा, शिगांना मीठ-मिरची चोळलेलं बोकडाचं मटण आणि कलेजी. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून चर्र झालं, की घाटाची घाई असलेला गाडीवानही बैल सोडी. लॉरीवाला असो, नाहीतर मिशनचा मास्तर, राहीबाई सगळ्यांना एकाच पोत्यावर बसवी.

गाडीत एक माणूस कमी बघून तिने विचारलं, बाई कुठं? मास्तरांचा चेहरा बघून योसेफ चटकन म्हणून गेला, की बाईंचा पाय दुखतोय, घरीच राहिल्या. हेतू वाईट नव्हता, मित्राच्या जखमेची खपली निघू नये एवढंच. कृपादाननेही मान डोलावली. मास्तरांनीही ते खोडलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना क्षणभर फार बरं वाटलं. दीना घरी आहे, चुलीपुढे पाय शेकत बसली आहे.

पळसाच्या पानांवर भाकरी आणि वाफाळतं मटण आलं. कृपादान दोन शब्दांत प्रार्थना उरकणार होता, पण राहीबाईने त्याला गप्प केलं. दरसाल मास्तर म्हणतात, मास्तरांनीच म्हणावी. मास्तरांनी डोळे मिटले. बैलांसाठी मागितलं, घाटासाठी मागितलं, लढाईवरून न परतलेल्या पोरांसाठी मागितलं. आवाज ओला व्हायला लागला, तरी थांबता येईना.

"आनि देवा, दीनाच्या पायाला आराम पडू दे," मास्तर म्हणाले.

योसेफने दचकून डोळे उघडले. "आमेन" म्हणायला त्याची जीभच रेटेना. मास्तर पुढे बोलतच राहिले.

तेवढ्यात चरापलीकडून आवाज आला, "आमेन. बाई न्हाईत म्हनून आज म्या म्हनलं. खावा आता, गार झालं."

मास्तर खायला लागले. किती महिन्यांनी त्यांच्या जिभेला चव आली, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

निघताना राहीबाईने पानात बांधलेली कलेजी त्यांच्या हातावर ठेवली. बाईंना आवडते, परतताना तुम्ही थांबाल न थांबाल, कोणा गाडीवानाबरोबर आजच घरी धाडा, म्हणाली. पुडी गरम होती. योसेफ झाडाला बांधलेले बैल सोडून जू उचलायला वळला होता, तो तसाच उभा राहिला.

"दीना गेली, राहीबाई," मास्तर म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी आजवर स्वतःच्या तोंडाने उच्चारले नव्हते. "नाताळाआधी. मी आत्ता देवापुढं खोटं बोललो."

राहीबाईने हात पदराला पुसले. योसेफकडे एकदा रागाने पाहिलं. मग शिगा निखाऱ्यांवरून बाजूला काढल्या आणि आजवर गिऱ्हाइकाशेजारी कधी न बसलेली ती बाई पोत्यावर मास्तरांशेजारी येऊन बसली. पुडी सोडून तिने त्यांच्यापुढे सरकवली.

"कशानं गेल्या?"

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबले. "माझं लई लांबतंय, राहीबाई. तुमची गिऱ्हाइकं खोळंबतील."

"खोळंबू द्या," ती म्हणाली. "आज तुमाला कोनी थांबवनार न्हाई. बोला."

योसेफने बैल परत झाडाला बांधले.