अन्साकाकूची बांधी

अन्साकाकूकडे दानासाठी जुनं लुगडं घेऊन जायचं म्हणजे आधी छाती घट्ट करावी लागे. ती लुगडं खिडकीपाशी उजेडात धरायची, आतून पंजा पसरायची आणि देणारीला विचारायची, "माहे बोटं दिसून राह्यले का?" देणारी मान हलवायची. "दिसून राह्यले ना? मंग हे दान नाही वो बाई, केर होय. घरी ने अन् भांडे घास." आमच्या मुख्याध्यापकांच्या बायकोला असं लुगडं काखोटीला मारून परत जाताना मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यानंतर त्या काकूशी बोलेनाशा झाल्या. काकूच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

पवनीत कोष्ट्यांच्या आळीत तिचं घर. खाली माग, वर भाड्याची खोली, आणि त्या खोलीत मी. सत्तर सालानंतरचा तो काळ, भंडाऱ्याहून बदली होऊन आलेली मी प्राथमिक शाळेची नवी मास्तरीण. नवरा गेल्यावर माग आणि सुताचा व्यापार दोन्ही काकूनंच सांभाळले होते. धिप्पाड बाई. चार माग खडखडत असले तरी चौकातल्या माणसाला तिची हाक ऐकू जायची. खोली भाड्यानं देताना तिनं मला भाडं सांगितलंच नाही. पहिला प्रश्न "जेवली का?" आणि दुसरा "तुले काय काय पायजे ते आत्ताच सांग, मी अंदाज लावत बसत नाही." मी भिडेपोटी म्हटलं, काही नको. "काही नको म्हणते अन् हातात नुसती पेटी. झोपशीन कायवर? माह्या डोक्यावर?" संध्याकाळी खाट आली.

त्या वर्षी आषाढ सरता सरता वैनगंगा चढली. नदीकाठचं घाटखेडा हे गाव पुरतं पाण्यात गेलं. माणसं डोंग्यांतून, बैलबंड्यांतून आली आणि आमच्या शाळेत उतरली. फळ्याखाली गाठोडी, बाकांवर पोरं, व्हरांड्यात शेळ्या. पवनीकरांनी हात आखडता घेतला नाही, हे कबूल केलं पाहिजे. कोणी खिचडी शिजवली, कोणी चादरी दिल्या, आणि जुन्या कपड्यांचा तर ढीग पडला. काकू त्या ढिगापाशी बसून पंजा पसरत एकेक कपडा बाजूला फेकत होती. घाटखेड्याची माणसं मात्र जेवण झालं की हात धुऊन भिंतीला टेकून बसायची. काही मागायची नाहीत, काही बोलायची नाहीत. पाणी ओसरलं तरी गावाकडे जायचं नाव कोणी काढीना. मग एकेक घर उठू लागलं. गाठोडं डोक्यावर घ्यायचं आणि नागपूरची मोटार धरायची. तिकडं हमाली मिळते म्हणे.

लटारू पाटलाचंही गाठोडं बांधून झालं होतं. साठीचा वाळकासा माणूस, घाटखेड्याचा जुना शेतकरी. गाव त्याच्या तोंडाकडे पाहून चालायचं. तो उठला असता तर मागं कोणी उरलं नसतं, आणि घाटखेडा हे नाव नुसतं सातबाऱ्यावर राहिलं असतं. काकू त्याच्यापुढे मांडी घालून बसली.

"लटारूभाऊ, तुमाले काय पायजे?"

"तुमी देसान ते."

"मी कपडे देऊन राह्यलो, ते तुमी घेऊन नाही राह्यले. भांडे देऊ? घोंगड्या देऊ?"

"द्या. जे मनात येईन ते द्या बाई. खाऊन राह्यलो ना तुमचं, अजून काय मांगू?"

काकू तणतणत घरी आली. "तोंडात मूग भरले का याच्या? इचारलं तर सांगावं का नाही मानसानं?" मी तिला समजावू लागले की शेतकरी माणूस आहे, दुसऱ्याच्या ओसरीवर बसून मागणं त्याच्या जिवावर येतं. तिनं मला दटावलं, "गप वो मास्तरीन, मले शिकवू नको." पण ती जेवताना बोलली नाही, म्हणजे तिला ते पटलं होतं.

सकाळी ती पुन्हा शाळेत. लटारू व्हरांड्याच्या कडेला बसून पावसाच्या बारीक सरींकडे बघत होता. काकूनं या वेळी काय पाहिजे ते विचारलंच नाही.

"भाऊ, आज तुमी घरी असते, तं काय करून राह्यले असते?"

म्हाताऱ्याचा चेहरा हलला. "आज? आज रोवना अस्ता ना बाई. असा पानी अन् मी असा बसून अस्तो का? बायायचे गाने चालू अस्ते बांधीत." आणि मग तो जे बोलू लागला ते थांबेना. बांध फुटले असते तर बांधून घेतले असते. चिखल तर नदीनं आयताच करून ठेवलाय. पण परे कुजले. परे म्हणजे धानाची रोपं, आधी एका तुकड्यात दाट पेरून ठेवतात आणि मग उपटून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या चिखलात रोवतात; तोच रोवणा. गावभरचे सगळे परे पाण्याखाली सडून गेले होते. पोळ्याच्या आत रोवणा झाला नाही तर वर्षभर घरात दाणा नाही. मग घाटखेड्यात जाऊन करायचं काय? "तेच तं दुख हाय, बाई. म्हनून जाऊन राह्यलो नागपूरले."

"अरे मंग मले काल काहून नाही सांगतलं!" काकू एवढ्या मोठ्यानं ओरडली की उरलेल्या एका खोलीत बसवलेली माझ्या वर्गातली पोरं पाढे म्हणायची थांबली.

"परे कोनी मांगतात का? अन् कोनाले मांगू?"

या धानाच्या मुलखाची, झाडीपट्टीची, ही रीत मला तेव्हा कळली. शेतकरी परे जरा जास्तच टाकतो. रोवून उरले तर ते विकायचे नाहीत, ज्याला कमी पडले त्याला द्यायचे. पण देणाऱ्यानं स्वतःहून बोलवायचं असतं. काकूचं माहेर सानगडीचं, तेही विणकरांचं, त्यामुळे तिलाही ही रीत नुसती ऐकूनच ठाऊक. लटारू मागणार नव्हता. काकूला मात्र मागायची कसली आली लाज? मला बंडीत घालून ती पूर न पोचलेल्या कोंढा गावी गेली आणि चावडीपुढे उभी राहून म्हणाली, "घाटखेड्याचे परे कुजले. तुमचे उरले का नाही ते पाहा. उरले असन तं बोलवा त्यायले. नसन उरले तं मी चहा पिऊन जातो." संध्याकाळपर्यंत बंड्या भरल्या. आसपासच्या गावांतूनही निरोप आले. मदतीचं काम पाहणारे एक साहेब होते, भले गृहस्थ. ते म्हणाले, "काकू, यादीत चादरी आहेत, परे नाहीत." काकू म्हणाली, "साहेब, चादर पांघरून मानूस झोपते. मले त्यायले उठवाचं हाये." साहेबांनी ट्रॅक्टर दिला.

इथं काकूनं घोटाळा केला, आणि तो फक्त सूत विकणारी बाईच करू शकते. पहिली बंडी आली तेव्हा तिनं पाहिलं की पऱ्यांच्या पेंड्या लहानमोठ्या आहेत. तिच्या धंद्यात सुताच्या लडी एकसारख्या नसल्या तर भांडणं होतात. कोणाला कमी नको, कोणाला जास्त नको, म्हणून तिनं बायकांना बसवलं, सगळ्या पेंड्या सोडल्या, परे एकत्र केले आणि नीटस, सारख्या पेंड्या बांधल्या. लटारूनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बाई! हे काय केलं वो! हलका अन् भारी एक करून टाकला!"

हलका धान लवकर पिकतो, भारी धानाला महिनाभर जास्त लागतो. दोन्ही एका बांधीत रोवले की हलक्याचा दाणा झडतो तेव्हा भारी अजून दुधात असतो. आता आमच्यासमोर होते ते सगळे परे सारखेच हिरवे. काकूनं कंबरेवर हात ठेवले आणि शाळेच्या अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "चुकली. अन्सा चुकली. मले सूत समजते, धान समजत नाही. आता सांगा, पुढच्या बंडीले काय करू?"

पुढच्या बंडीला तिनं घरून सूत आणवलं. पिवळ्या सुतानं बांधली ती पेंडी हलक्याची, लाल सुतानं बांधली ती भारीची. कोंढ्याच्या माणसांनीच बांधून पाठवायची, इथं कोणी सोडायची नाही. लुगड्यांच्या काठांसाठी राखलेलं चांगलं सूत होतं ते. त्या साली आळीत लाल काठाची लुगडी निघालीच नाहीत.

लटारूचं गाठोडं सुटलं. नागपूरला गेलेली घरंही निरोप मिळाल्यावर परत आली. कोंढ्याच्या बायका रोवायला आल्या आणि आमच्या आळीतल्या बायका शिदोऱ्या घेऊन गेल्या. काकूही चिखलात उतरली, दोन मुठी रोवल्या आणि मागच्या मागं बसली. तिला उठवायला चौघी लागल्या. त्या दिवशी घाटखेड्याची माणसं पुरानंतर पहिल्यांदा हसली, आणि हसू थांबता थांबेना. पोळ्याला बैल सजले, त्यांच्या शिंगांना पिवळं-लाल सूत होतं. पहिल्या बंडीतले मिसळलेले परे फेकायचे कसे, म्हणून नदीकडच्या एका लहान तुकड्यात रोवले. त्याला नाव पडलं, अन्साकाकूची बांधी.

पुढं ऐंशी सालानंतर एका पावसाळ्यात खालच्या अंगाचं दुसरं गाव बुडालं. काकू तेव्हा खाटेला खिळलेली. "जा मास्तरीन, इचारून ये त्यायले. बरोबर इचार, काय पायजे म्हनू नको." मी चिखल तुडवत गेले. तिथल्या देवळाच्या आवारात लटारू आधीच बसला होता. पुरता म्हातारा झालेला, हातात काठी. समोरच्या गप्प माणसाला विचारत होता, "भाऊ, आज तू घरी अस्ता, तं काय करत अस्ता?" आणि मागं घाटखेड्याच्या बंड्या उभ्या होत्या. त्यांत पेंड्या होत्या, पिवळ्या सुताच्या वेगळ्या, लाल सुताच्या वेगळ्या.

मी येऊन सांगितलं. काकू डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, रडते की काय. "मंग तू तिथं कायले थांबली होती एवढा वेळ?" ती म्हणाली. "चाल, चहा ठेव."

दिवाळीनंतर ती गेली. तेरवीला घाटखेड्याहून लटारू आला, पोत्यात नवे तांदूळ घेऊन. भात शिजला तेव्हा पंगतीत सगळे एकमेकांकडे पाहू लागले. काही शितं गाळ झाली होती, काही दाताखाली कचकचत होती.

"तिच्या बांधीचा हाय," लटारू म्हणाला. "तिथं आमी दरसाल हलका-भारी मिसळूनच रोवतो."

कोणी नावं ठेवली नाहीत. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.